पंच्याहत्तर सह्यांचा आहेर

टक्!

मुखेडच्या त्या घरात दुपारी अडीचला एवढी शांतता होती, की फ्रिजलासुद्धा घोरायची लाज वाटत होती. पाच वर्षांची दामिनी पंख्याखाली उताणी झोपली होती. नवरा दुकानात होता. सुकन्या चहाचा कप धरून, लेकुरवाळ्या बाईला क्वचित मिळणारी ती अर्ध्या तासाची श्रीमंती उपभोगत होती. तेवढ्यात आतल्या खोलीतून आवाज आला. टक्! मग काहीतरी घरंगळल्याचा. मग पुन्हा काहीच नाही.

बघायला जायची गरजच नव्हती. सासऱ्यांच्या हातातून पेन पडलं होतं. आज तिसऱ्यांदा.

सासरे म्हणजे अण्णाराव गुरुजी; सुकन्या त्यांना मामा म्हणायची. बेलदरवाडीच्या शाळेत सदतीस वर्षं काढलेले, त्यातली पहिली कितीतरी वर्षं एकटेच. मास्तरही तेच, हेडमास्तरही तेच, घंटा वाजवणारेही तेच. आणि त्यांची सही! सुरुवातीचा 'अ' फेटा बांधलेल्या नवरदेवासारखा ऐटीत उभा, आणि शेवटच्या 'व'ची शेपटी कागदाच्या कडेपर्यंत जाऊन मागं वळून बघणारी. संध्याकाळी प्रौढांचे वर्ग घेऊन गुरुजींनी अर्ध्या गावाचा अंगठा सोडवला होता, हातात पेन दिलं होतं.

तेच गुरुजी नोव्हेंबरात बँकेत गेले होते, पेन्शनसाठी आपण जिवंत आहोत हे सांगायला. हात थरथरत होता. सही जुळेना. काउंटरवरचा पोरगा बिचारा अदबीनं म्हणाला, "सर, अंगठा द्या ना. सोपं पडतं."

गुरुजींनी अंगठा दिला. घरी येऊन तीन वेळा साबणानं धुतला. आणि त्यानंतर सहा महिने घराचा उंबरा ओलांडला नाही! कुणी भेटायला आलं, की झोपेचं सोंग घ्यायचे. दुपारी घर निजलं, की हळूच पेन काढून सही करून बघायचे. मग टक्!

आणि आता एक जूनला गुरुजींची पंच्याहत्तरी होती.

"हॉल घेतलाय. जेवण सांगितलंय. शाल, श्रीफळ, केक. खल्लास!" सुकन्याचा नवरा रुद्रेश म्हणाला. त्याचं पाइप आणि मोटारींचं दुकान होतं. तो बायकोशीसुद्धा कोटेशन दिल्यासारखं बोलायचा.

"शाल?" सुकन्या उसळली. "घरात सत्तेचाळीस शाली आहेत! खिडकीला शाल, सोफ्याला शाल, मिक्सरला शाल! अजून एक आणली तर घरालाच हार घालून सत्कार करावा लागेल!"

"मग तू काय देणार?"

"ते माझ्याकडं लागलं! असा आहेर देते, की मामा उठून उभे राहतील!"

"उभे राहतील का उठून जातील, तेवढं बघ," रुद्रेश म्हणाला आणि जेवायला बसला.

सुकन्याचा बेत खरोखर नामी होता. मोबाइलवर तिनं एकदा वाचलं होतं, की लोक हल्ली मोठ्या माणसांच्या सह्या, जुनी पत्रं, ऐतिहासिक कागद चौकटीत घालून भेट देतात. ती म्हणाली, आपल्याकडं काय कमी आहे? बेलदरवाडीतल्या प्रत्येक घरात, पत्र्याच्या पेटीत, जुन्या लुगड्याखाली, गुरुजींच्या सहीचा शाळेचा दाखला असणारच. पन्नास-पन्नास वर्षांचे कागद! ते गोळा करायचे. पंच्याहत्तर वर्षं, पंच्याहत्तर दाखले, पंच्याहत्तर सह्या. एका भल्यामोठ्या चौकटीत! थरथरणाऱ्या हातांना त्यांची सगळी सरळ अक्षरं एकदम परत द्यायची.

विचार करतानाच तिचे डोळे भरून आले. डोळे भरलेल्या माणसानं व्हॉट्सॲपवर काही लिहू नये. तिनं लिहिलं. बेलदरवाडीच्या ग्रुपवर.

"अण्णाराव गुरुजींच्या सहीचा तुमचा जुना दाखला किंवा निर्गम उतारा आठ दिवसांसाठी हवा आहे. मूळ प्रतच हवी. झेरॉक्स चालणार नाही. कारण सध्या गुप्त आहे."

आता तुम्हीच सांगा. मूळ प्रत हवी, मुदत आठ दिवस, आणि कारण गुप्त! मराठवाड्यातल्या माणसाला ह्याचा एकच अर्थ लागतो. योजना आलीय!

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला रुद्रेशचा फोन आला.

"सुकन्या, दुकानासमोर रांग लागलीय."

"अय्या! पाइपसाठी?"

"पाइप बाजूला ढकलून लोक उभे आहेत. म्हणतात, गुरुजींच्या सुनेकडं फॉर्म आहे. बाजूच्या झेरॉक्सवाल्यानं पाटी लावलीय, 'गुरुजी योजनेची कागदपत्रे येथे काढून मिळतील'. अगं, केलंस काय?"

बेलदरवाडीच्या गुणाबाई तर थेट घरीच आल्या. वय ऐंशीच्या पुढं, पाठ वाकलेली, काखेत खताची पिशवी. पिशवीतून त्यांनी भाजी निवडावी तसं एकेक काढून फरशीवर मांडलं.

"हे आधार. हे रेशन कार्ड. हे फोटू दोन. हा सातबारा. आन् हे माझ्या दोन्ही पोरांचे दाखले, बालाजीचा आन् ग्यानोबाचा. अंगठा कुठं लावू, सांग पोरी."

"आजी, अंगठा नाही लागत. दाखले तेवढे ठेवा. ही योजना नाही हो!"

"हाव, हाव. मालूम हाय." गुणाबाईंनी एक डोळा मिटला. "कुनाला बोलायचं न्हाई. मी काय लहान हाय?"

"खरंच नाही, आजी!"

"आगं, असंच म्हनावं लागतंय. माझा बालाजी बी कचेरीत असंच म्हनतो."

आठ दिवसांत दोनशे बारा दाखले जमले. त्यातले पंच्याहत्तर निवडायचे होते. दामिनी झोपली, की सुकन्या फरशीवर दाखल्यांचा पसारा मांडायची. दामिनी झोपल्याचं सोंग घेऊन दहा मिनिटांनी रांगत पसाऱ्यात यायची. तिला नुकतेच आकडे वाचता यायला लागले होते, त्यामुळं जगातल्या सगळ्या कागदांवर तिचा हक्क होता.

"आई, ह्याच्यावर एक! ह्याच्यावर पण एक! ह्याच्यावर पण!"

सुकन्यानं बघितलं. जन्मतारीख, एक जून. पुढचा दाखला, एक जून. तिसरा, एक जून. साल तेवढं वेगळं. सुकन्या लातूरची. मोठ्या दवाखान्यात जन्मलेली, नगरपालिकेचा छापील दाखला असलेली. तिनं बोटांवर नऊ महिने मागं मोजले आणि एकटीच लाजली. सप्टेंबरात ह्या गावाला दुसरं काही कामच नसावं!

पुढं तिनं डोकं चालवलं नाही. चालवलं असतं तर बरं झालं असतं. पण तिला भलतंच सुचलं. आधी ती दाखले सालाप्रमाणं लावणार होती. तसे लावले असते तर ही गोष्ट इथंच संपली असती. पण तिला वाटलं, त्यात माया नाही. घरं एकत्र हवीत! भावाशेजारी भाऊ, बहिणीशेजारी बहीण, नवरा-बायको एकाच शाळेतले असले तर जोडीनं. आपापलं माणूस शेजारी दिसलं, की लोकांना किती आनंद होईल!

झाला. एवढा झाला, की पोलीस बोलवायचेच राहिले.

नांदेडहून चौकट आली ती टेम्पोत उभी राहून आली. आठ फूट रुंद, काच लावलेली, वरून गुरुजींच्या सत्तेचाळिसांपैकी दोन शालींत गुंडाळलेली. एक जूनला सकाळी अकराला मंगल कार्यालय भरलं. चारी कूलर घोंगावत होते. व्यासपीठामागं फ्लेक्स होता, 'अण्णाराव गुरुजी अमृतमहोत्सव'. योजना जाहीर होणार म्हणून बेलदरवाडी तर झाडून आली होती.

गुरुजींना आणणं मात्र सोपं नव्हतं.

"मी काय करू येऊन? तुमी जेवा," ते भिंतीकडं तोंड करून म्हणाले होते.

शेवटी दामिनी त्यांच्या पाठीवर लोंबकळली. "अज्जा, चल ना! केकवर तुझं नाव आहे. तू नाही आलास, तर तो आम्हाला कापू देणार नाहीत!"

"पाच मिन्टं," गुरुजी म्हणाले. "फक्त पाच."

ते आले. पांढरं धोतर, पांढरा सदरा, आणि उजवा हात उपरण्याखाली लपवलेला. पहिल्या रांगेत कूलरसमोर त्यांची थोरली बहीण गौरम्मा बसल्या होत्या. उदगीरहून एस.टी.नं एकट्या आलेल्या. वय विचारलं, की त्या विचारणाऱ्याचंच वय काढायच्या. प्रमुख पाहुणे होते गुणाबाईंचे थोरले चिरंजीव बालाजीराव. तालुक्याच्या एका कचेरीत मोठे कारकून. उंची पाच फुटांना दोन बोटं कमी, पण सफारीचा रुबाब सात फुटांचा.

केक कापून झाला. मग सुकन्यानं शाल ओढली. काच लखलखली.

गुरुजी चौकटीजवळ गेले. आधी त्यांना कळेना. मग कळलं. डावा हात पुढं करून त्यांनी एका सहीवर बोट टेकवलं आणि 'व'ची शेपटी काचेवरून हळूहळू शेवटपर्यंत गिरवली. मग दुसरी. मग तिसरी. 

"पोरी..." एवढंच म्हणाले.

सुकन्याला वाटलं, जिंकलो! हा आनंद साधारण चाळीस सेकंद टिकला.

कारण तिकडं बालाजीरावांनी माइक हातात घेऊन "वय हा केवळ एक आकडा असतो" असं म्हणून भाषण सुरू केलं होतं, आणि इकडं लोक आपापले कागद शोधायला चौकटीवर तुटून पडले होते. योजनेत नाव आहे का बघायचं होतं ना!

"आगं, पाटलाच्या तिन्ही पोरी एकाच दिवशी? एकाच साली?"

"तिळ्या होत्या काय?"

"कशाच्या तिळ्या! धाकटी थोरलीच्या कडंवर बसून शाळंत यायची!"

तेवढ्यात दुसऱ्या कोपऱ्यातून एका बाईचं हसू आलं. अंगणवाडीच्या उज्वलाताई. शेजारी त्यांचे यजमान अश्वजित, एस.टी.चे चालक. दोघंही बेलदरवाडीचेच.

"अहो, हे वाचा. तुमचं साल बहात्तर. माझं एकोणसत्तर."

"चुकलं असंल काहीतरी," अश्वजित घाईनं म्हणाले.

"चुकलं कसं? गुरुजींची सही हाय! तीस वर्सं काय ऐकून राहिले मी? 'मी मोठा हाय, मला कळतं.' मोठी तर मी निघाले! आजपासून सकाळचा च्या तुमी टाकायचा!"

"उज्वला, लोक बघून राहिलेत..."

"बघू द्या. आन् मोठ्या मानसाला नावानं हाक मारायची न्हाई!"

सुकन्या दोघांची समजूत घालायला निघाली. पण तिथवर पोचलीच नाही.

"बाळ्याऽऽ!"

माइकवरचं भाषण बंद पडलं. चौकटीसमोर बालाजीरावांचा धाकटा भाऊ ग्यानोबा उभा होता. शेतात राबलेला, सहा फुटी, हात गुडघ्याला टेकणारे.

"खाली ये. पाया पड!"

"ग्यानोबा, शुद्धीवर हायेस का? तुझा दादा हाय मी. तू माझ्या पाया पडतोस!"

"पडत होतो! सारी जिंदगी फुकट पडलो! हितं बघ. मी सहासष्टचा, तू अडुसष्टचा. थोरला मी हाय! औंदा पोळ्याला माझा बैल म्होरं, तुझा माझ्या मागं!"

सभागृहात हशा पिकला. तेवढ्यात मागून कुणीतरी मोठ्यांदा हिशेब मांडला. "थांबा हो! ग्यानोबा धाकटा हे साऱ्या गावाला ठाव हाय. तो सहासष्टचा असंल तर बालाजीराव चौसष्टचे. म्हंजे तीन वर्सांमागंच रिटायर व्हायला पायजे होते की!"

हशा बंद. खटाखट मोबाइल वर निघाले.

"फोटो काढू नका! फोटो काढू नका!" बालाजीराव व्यासपीठावरून उडी मारून आले. खांद्यावरची सत्काराची शाल त्यांनी चौकटीवर फेकली. ग्यानोबानं ती ओढली. ह्यांनी परत फेकली. त्यानं परत ओढली. शालीची रस्सीखेच सुरू झाली आणि आठ फुटी चौकट बैलगाडीसारखी हेलकावे खायला लागली! सुकन्या धावत मागं गेली आणि दोन्ही हात पसरून चौकटीला पाठीमागून मिठी मारून उभी राहिली. पुढून फक्त तिच्या बांगड्या दिसत होत्या.

"कुनाचं डोकं हे?" बालाजीराव ओरडले. "हे असं शेजारी-शेजारी लावायची अक्कल कुनाची?"

"माझ्या आईची!" दामिनी खुर्चीवर उभी राहून अभिमानानं म्हणाली.

सगळं सभागृह बांगड्यांकडं बघायला लागलं. गुणाबाई तेवढ्यात पुढं आल्या. "पोरी, मग आता योजना मिळनार का न्हाई?"

बालाजीराव मात्र गुरुजींकडं वळले होते. कपाळावरून घाम निथळत होता. आवाज चढला होता, पण त्यात रडूही होतं.

"गुरुजी, तुमीच सांगा. ह्या तारखा कुनी लिव्हल्या? सगळ्यांच्या खाली सही तुमचीच हाय!"

 सुकन्यानं चौकटीच्या कडेनं डोकावून बघितलं. गर्दीतून मागं सरून खुर्चीत बसलेल्या गुरुजींचा उजवा हात उपरण्याखाली आणखी आत गेला होता.  काय करायला गेलो आणि काय झालं! ज्या सहीसाठी हा माणूस सहा महिने झुरला, ती सही त्याला परत द्यायला निघालो होतो. आणि दिली कशी, तर भर गावासमोर आरोपीच्या पिंजऱ्यात उभी करून. आता हे घरी जातील, दार लावतील, आणि ते दार पुन्हा उघडायचं नाही.

गुरुजी उठले. सुकन्यानं डोळे मिटले.

"गप्प!!"

माइक नव्हता. गरजही नव्हती. तो आवाज सदतीस वर्षं पत्र्याच्या शाळेत, पावसाच्या वर चढून शिकवत आलेला होता. क्षणात सभागृहात चिडीचूप! पन्नाशी-साठीतल्या माणसांचे हात आपोआप छातीवर घडी झाले. अश्वजित चालकांनी तर तोंडावर बोटही ठेवलं.

"मीच लिव्हल्या," गुरुजी म्हणाले. "गुणाबाई, म्होरं ये. बालाजीला शाळंत घालायला आनलंस तवा मी इचारलं, पोरगं कधी जल्मलं? तू काय बोललीस?"

"म्या बोलले, लाल गाय व्याली तवा."

"आन् मी इचारलं, लाल गाय कधी व्याली?"

"म्या बोलले, बाळ्या जल्मला तवा."

"लिव्हू काय मी रजिस्टरात? लाल गाय?" गुरुजींनी सगळ्यांवरून नजर फिरवली. "आन् ते रजिस्टर म्हनायचं, तारीख पायजे. कोरी जागा चालत न्हाई. कोरी सोडली असती तर पोरगं ढोरामागं गेलं असतं. मग मी काय करायचो? उजवा हात डोक्यावरून न्यायचा, डावा कान धरायचा. कान हाताला लागला तर पोरगं सहा वर्साचं. शाळा जूनमधी, म्हून एक जून. हा ग्यानोबा जल्मापासूनच खांबासारखा. पयल्याच झटक्यात कान धरला. बालाजी थोरला, पन ह्याचा हात काय कानाला पोचंना. परत धाडला. दुसऱ्या साली परत धाडला. तिसऱ्या साली मलाच दया आली, म्या म्हनलं, घ्या. म्हून ह्याची दोन वर्सं मागं ऱ्हायली. समजलं?"

लोक एकमेकांच्या कानांकडं बघायला लागले.

"समजलं का न्हाई? उभे ऱ्हा सगळे! उजवा हात, डोक्यावरून!"

आणि काय सांगू! दोनशे माणसं खुर्च्या सरकवून उभी राहिली. सरपंच, दुकानदार, अंगणवाडीताई, एस.टी.चालक, आजोबा झालेले, आज्या झालेल्या. सगळ्यांचे उजवे हात डोक्यावरून डाव्या कानाला! रुद्रेश मुखेडच्या शाळेत शिकलेला, पण त्यानंही धरला. एकटे बालाजीराव धडपडत होते. पोट पुढं, मान वाकडी, सफारी काखेत उसवायला आलेली, पण बोटं कानाच्या दोन इंच अलीकडंच!

गुरुजी जवळ जाऊन बघून आले. "अजून बी पोचंना! हा तर अजून शाळंत घालायच्या वयाचा बी झाला न्हाई, आन् तुमी ह्याला रिटायर करून राहिले!"

हसून हसून लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. बालाजीरावांच्याही आलं, पण ते जरा वेगळं होतं. "गुरुजी, पन माझं कसं हो?"

"तुला काय होतंय? साऱ्या गावाची तारीख एकच हाय. कोन कुनाकडं बोट दाखवनार?"

वर निघालेले मोबाइल एकेक करून खिशात गेले. ग्यानोबा मात्र हटायला तयार नव्हता. "गुरुजी, पोळ्याचं काय ते लेखी द्या. उद्या हा परत कागद दाखवंल."

कुणीतरी निमंत्रणपत्रिका पालथी करून टेबलावर ठेवली. कुणीतरी पेन काढलं. सुकन्या चौकटीमागून जोरजोरात मान हलवायला लागली. नको, लेखी नको! रुद्रेश पुढं व्हायला निघाला होता, "बाबांना त्रास..." एवढं बोललाही. पण गुरुजींनी उपरण्याखालून हात बाहेर काढला होता. सगळ्यांसमोर. तो थरथरत होता, वाऱ्यावरच्या पानासारखा. पत्रिका सरकायला लागली, तशी दामिनी खुर्चीवर चढली आणि केकच्या क्रीमनं भरलेले दोन्ही तळहात तिनं पत्रिकेवर दाबून धरले.

"लिही अज्जा. मी धरलंय."

गुरुजींनी लिहिलं. वेळ लागला. 'बालाजी थोरला. ग्यानोबा उंच.' आणि खाली सही. 'अ'चा फेटा सुटलेला, मधली अक्षरं एकमेकांच्या अंगावर पडलेली, आणि 'व'ची शेपटी पत्रिका ओलांडून सरळ टेबलाच्या कापडावर गेलेली.

बालाजीरावांनी पत्रिका उचलली. तीस वर्षांची कारकुनी, सवय कुठं जाणार! त्यांनी ती सही चौकटीतल्या सहीशेजारी धरली, चष्मा वर केला, आणि बोलून गेले, "गुरुजी, ही सही जुळत न्हाई."

 बालाजीरावांनी स्वतःची जीभ चावली. सुकन्या चौकट सोडून पुढं धावली. पण गुरुजी शांतपणे पेनाला टोपण लावत होते.

"तुझं वय तरी कुठं जुळतंय रे, भाड्या!"

पहिल्यांदा गुणाबाई हसल्या. मग जे सुरू झालं ते थांबेचना! मग उज्वलाताईंनी पत्रिका पुढं केली, "मला बी द्या गुरुजी, 'उज्वला मोठी' म्हून." मग पाटलांच्या तीन लेकी. मग रांगच लागली. ह्या वेळी योजनेसाठी नाही. जेवणातली गव्हाची गोड हुग्गी गार झाली, पुऱ्या चिवट झाल्या, आचारी रुसून बसला, पण गुरुजी सह्या करत होते. एकही सही दुसरीसारखी आली नाही. पेन दोनदा पडलं. दोन्ही वेळा रांगेतल्या माणसानं उचलून हातात दिलं, आणि कुणीही त्याचा बाऊ केला नाही. सुकन्या तिथंच भिंतीला टेकून रडत होती, हसत होती, आणि रुद्रेशला सांगत होती, "बघा! म्हटलं होतं ना, उठून उभे राहतील!"

"तू म्हणालीस ते बाबांचं. सगळा हॉल उभा करशील, हे कुठं म्हणाली होतीस?" रुद्रेश म्हणाला.

इथं थांबलं असतं तर किती बरं झालं असतं! पण पहिल्या रांगेत गौरम्मा होत्या. त्यांनी हुग्गीची वाटी चाटूनपुसून संपवली, पदरानं तोंड टिपलं, आणि तोपर्यंत मनात घोळत असलेलं बाहेर काढलं.

"अण्ण्या, साऱ्यांच्या तारखा सांगितल्यास. तुझी कोन सांगनार?"

"माझी?" गुरुजी सही करता करता म्हणाले. "माझी पक्की हाय, अक्का. एक जून एकोणीसशे पन्नास. दाखल्यावर..."

पेन थांबलं. गुरुजींनी मान वर केली.

"दाखला कुनी लिव्हला?" गौरम्मांनी विचारलं.

"आमच्या... मास्तरांनी."

"हां! तुझा मास्तर आन् तू, एकाच माळेचे मनी! आरं, तू दसऱ्याचा हायेस. आम्ही सोनं वाटून आलो आन् आईच्या पोटात दुखाया लागलं. रझाकार पळाले, त्याच्या आदल्या दसऱ्याला. तवा मी तीन वर्साची होते. माझ्या हातातला लाडू घेऊन सुईनीला दिला, ते मी अजून इसरले न्हाई!"

रुद्रेशनं बोटं मोजली. एकदा. पुन्हा एकदा. "रझाकार पळाले अठ्ठेचाळीसला, म्हणजे तुम्ही सत्तेचाळीसचे. बाबा, तुम्ही दसऱ्याला अठ्ठ्याहत्तर होणार. तुमची पंच्याहत्तरी होऊन गेली! हॉल, आचारी, फ्लेक्स..."

सगळ्यांनी एकदम फ्लेक्सकडं बघितलं, मग केकच्या उरलेल्या तुकड्याकडं, मग सुकन्याकडं. जणू रझाकारसुद्धा तिनंच पळवले होते!  गुरुजींनी स्वतःचा उजवा हात डोक्यावरून नेला, थरथरत का होईना, डावा कान धरून बघितला. आणि एवढे हसले, एवढे हसले, की गौरम्मांना उठून त्यांची पाठ चोळावी लागली.

चौकट पुन्हा टेम्पोत चढली. लोक सह्या खिशात घालून पांगले. सुकन्या रिकाम्या खुर्च्यांमधून चपला शोधत होती. दामिनी तिच्यामागं फिरत होती. हनुवटीला क्रीम, कपाळावर आठ्या. कुठल्यातरी मोठ्या हिशेबात अडकलेली.

"आई, अज्जाचा वाढदिवस आज नव्हता?"

"नव्हता, बाई."

"बालाजीकाकांचा पण नव्हता? ग्यानोबाकाकांचा पण?"

"नाही गं. त्या चौकटीतल्या कुणाचाच नव्हता म्हणे."

दामिनीनं बोटावरचं उरलेलं क्रीम चाटलं, आणि भाबडेपणानं वर बघितलं.

"मग आई, ज्याचा आज खरंच वाढदिवस होता, त्याचा केक कुणी कापला?"